पौर्णिमा ते पौर्णिमा: अंतर दर वेळी वेगळं का?

टिपणवही

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, शेवटी आज धागाच काढते.

२०१६ साली मला एक छंद लागला होता. प्रत्येक पौर्णिमेचा नेमका क्षण तास-मिनिटांसकट वहीत उतरवायचा आणि त्या रात्री चंद्र कसा दिसला त्याच्या दोन ओळी लिहायच्या. वर्ष संपलं, छंद मागे पडला आणि वही माळ्यावर गेली. परवा आवराआवरीत ती हाताला लागली आणि आवरायचं सोडून मी आकडेमोड करत बसले.

शाळेत शिकलो ते असं की चंद्राला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला सुमारे २७ दिवस ८ तास लागतात. पण पौर्णिमा येते साडेएकोणतीस दिवसांनी. यामागचं कारण मला अर्धवट कळतं, कुणी नीट उलगडून सांगितलं तर बरं होईल. खरा घोळ पुढेच आहे. माझ्या वहीप्रमाणे २३ मार्च ते २२ एप्रिल या दोन पौर्णिमांमधलं अंतर २९ दिवस १७ तासांहून थोडं जास्त भरतं. आणि १६ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर हे अंतर फक्त २९ दिवस साडेनऊ तास. म्हणजे जवळजवळ आठ तासांचा फरक! चंद्र इतका नेमाने फिरतो म्हणतात, मग हे असं का? मी उतरवताना चुकले, की चंद्रच असा वागतो?

लंबक

छान प्रश्न. वाचतोय.

गणितवेडा

तुम्ही चुकला नाहीत, दोन्ही नोंदी बरोबर आहेत. आधी पहिला भाग घेऊ.

भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ बघा. बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक असतात. मिनिटकाटा बरोबर एका तासात फेरी पूर्ण करून बारावर परत येतो, पण तासकाटा तिथे थांबलेला नसतो, तो एकवर गेलेला असतो. त्याला गाठायला मिनिटकाट्याला आणखी थोडं धावावं लागतं. भेट होते एक वाजून ५ मिनिटं आणि सुमारे २७ सेकंदांनी. फेरी एका तासाची आणि भेट मात्र तासाहून जास्त वेळाने.

चंद्र म्हणजे मिनिटकाटा आणि सूर्य म्हणजे तासकाटा. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्र रोज सरासरी १३.२ अंश पूर्वेकडे सरकतो. सूर्यही त्याच दिशेने रोज साधारण १ अंश सरकताना दिसतो, कारण आपण पृथ्वीसोबत त्याच्याभोवती फिरतोय. म्हणून सूर्याच्या तुलनेत चंद्राची रोजची आघाडी १२.२ अंशांची. ३६० ला १२.२ ने भागा, साडेएकोणतीस येतात. एखाद्या ताऱ्यापासून निघून त्याच ताऱ्यापाशी यायला २७.३२ दिवस लागतात, तो नाक्षत्र मास. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत २९.५३ दिवस, तो चांद्र मास.

आता एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पौर्णिमा ही चंद्राची अवस्था नाही, ती सूर्य, पृथ्वी आणि चंद्र या तिघांची मांडणी आहे. आकाशात चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर आला तो क्षण. मग त्या वेळी तुमच्याकडे भर दुपार का असेना.

आठ तासांचं कोडं जास्त मजेशीर आहे. ते सवडीने लिहितो, तोवर कुणाला सुचलं तर सांगा.

चकोरी

घड्याळाचं उदाहरण किती सोपं! इतकी वर्षं २७ आणि २९ हे दोन्ही आकडे पाठ होते, पण एकाला दुसऱ्याशी कधी जोडलंच नव्हतं.

जागरण

अंतराचं मला सांगता येणार नाही, पण पौर्णिमेच्या आसपास माझी झोप हमखास उडते. खिडकीला जाड पडदे आहेत, तरीही. घरचे म्हणतात की समुद्राला भरती येते तशी आपल्या शरीरातल्या पाण्यालाही येते. यात तथ्य आहे का?

साधा_प्रश्न

मीही याच रांगेत दोन प्रश्न घेऊन उभा आहे. माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिचा पहिला प्रश्न, गाडीतून जाताना चंद्र आपल्या मागे का येतो? दुसरा मात्र मलाच पडलेला आहे. पौर्णिमेला पृथ्वी मध्ये, सूर्य एका बाजूला आणि चंद्र दुसऱ्या बाजूला. मग दर पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या सावलीत जायला हवा. दर महिन्याला ग्रहण का होत नाही?

आजोबा६८

लेकीला सांगा, झाडं आणि घरं जवळ आहेत म्हणून गाडी पुढे गेली की ती मागे पडतात. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. आपण तासभर गाडी पळवली तरी त्या अंतरापुढे आपलं हलणं काहीच नाही, त्यामुळे तो खिडकीतल्या त्याच जागी दिसत राहतो. मागे पडत नाही म्हणून सोबत येतोय असं वाटतं.

ग्रहणाचं उत्तर वाचण्यापेक्षा करून बघा. मी पस्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, या प्रयोगाने न कळलेलं मूल पाहिलं नाही. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करून एकच दिवा डोक्याच्या उंचीवर लावा. तो सूर्य. मुलीचं डोकं म्हणजे पृथ्वी. तिच्या हातात पांढरा चेंडू द्या आणि हात लांब करून स्वतःभोवती हळूहळू फिरायला सांगा. चेंडूवर कोर, अर्धा, फुगीर, पूर्ण, सगळ्या कला ओळीने दिसतील. दिव्याकडे पाठ झाली की पौर्णिमा. चेंडू डोक्याच्याच उंचीवर धरला असेल तर तिच्या डोक्याची सावली त्यावर पडेल, हे ग्रहण. आता चेंडू जरा वर धरायला सांगा. सावली खालून निघून जाईल आणि चेंडू पूर्ण उजळलेला दिसेल. ही नेहमीची पौर्णिमा.

खऱ्या आकाशातही असंच घडतं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. पाच अंश ऐकायला थोडे वाटतात, पण चंद्राची स्वतःची रुंदी अर्धा अंशच आहे. म्हणजे तो सावलीच्या मध्यापासून दहा चंद्रांइतका वर किंवा खाली असू शकतो, आणि पृथ्वीची गडद सावली त्या अंतरावर जेमतेम पावणेतीन चंद्रांइतकी रुंद असते. दोन्ही कक्षांची पातळी जिथे एकमेकींना छेदते त्या दोन बिंदूंपैकी एकाच्या जवळ पौर्णिमा झाली तरच ग्रहण. या बिंदूंना आपण राहू आणि केतू म्हणतो. तेही जागचे हलतात, उलट दिशेने सरकत १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात.

साधा_प्रश्न

आजोबा, मनापासून आभार. शनिवारी रात्री प्रयोग करतो आणि इथे येऊन सांगतो.

ध्रुवतारा

@जागरण, शरीरातल्या भरतीची कल्पना टिकत नाही. भरती येते ती ओढीमुळे नव्हे, ओढीतल्या फरकामुळे. पृथ्वीची चंद्राकडची बाजू त्याला सुमारे १२,७०० किलोमीटरने जास्त जवळ आहे, म्हणून तिथे ओढ जास्त आणि पलीकडे कमी. तुमचं डोकं आणि पाय यांच्यात अंतर पावणेदोन मीटर. तेवढ्या लांबीत फरक पडून पडणार किती? शिवाय अमावास्येलाही समुद्राला तितकीच मोठी भरती येते, मग अमावास्येला झोप का नाही उडत? पौर्णिमा डोळ्यांना दिसते म्हणून लक्षात राहते. बाकीच्या ज्या रात्री तुम्ही कूस बदलत काढता, त्या विसरल्या जातात.

जागरण

भरतीचं पटलं. पण "लक्षात राहते" हे मला मान्य नाही. उडते म्हणजे उडते.

रातपाखरू

दोघांच्या मधलं बोलते. झोपेवर अभ्यास झाले आहेत, पण ते एका सुरात बोलत नाहीत. २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत झोपलेल्या ३३ जणांच्या जुन्या नोंदी तपासल्या. पौर्णिमेच्या सुमारास लोक सरासरी २० मिनिटं कमी झोपले होते. पुढे याहून मोठ्या गटांवर केलेल्या काही तपासण्यांत तसं काही आढळलं नाही. मग २०२१ मध्ये अर्जेंटिनातल्या तोबा-कोम समाजातल्या लोकांच्या मनगटावर यंत्रं बांधून झोप मोजली गेली. पौर्णिमेच्या आधीच्या काही रात्री लोक उशिरा झोपत होते आणि कमी झोपत होते. अमेरिकेत सिअॅटलमधल्या विद्यार्थ्यांच्या नोंदीतही तसाच कल दिसला.

मला यातलं "आधीच्या रात्री" हे फार बोलकं वाटतं. पौर्णिमेआधी तीन-चार दिवस चंद्र संध्याकाळीच वर आलेला असतो, म्हणजे अंधार पडल्यावर लगेच उजेड हजर. पौर्णिमेनंतर तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे संध्याकाळ काळोखी जाते. दिवे नसताना माणसाने चांदण्याचा उपयोग करून घेतला असणार.

जागरण, तुम्हीही टिपणवहींसारखी वही ठेवा. सकाळी उठल्यावर झोप कशी लागली ते लिहायचं, आणि चंद्र कुठल्या कलेत होता ते मात्र महिनाअखेरीच पडताळायचं.

जागरण

हे पटलं. आजपासून लिहितो. तीन महिन्यांनी याच धाग्यावर उत्तर देईन, जे निघेल ते.

शटर

चंद्राचे फोटो काढणाऱ्यांसाठी थोडं. पौर्णिमेच्या रात्री सगळे कॅमेरे बाहेर निघतात आणि बहुतेकांच्या हाती पांढरा गोळा लागतो. कारण आपण रात्र आहे असं धरून चालतो. चंद्रावर त्या वेळी लख्ख ऊन पडलेलं असतं. उन्हातल्या वस्तूला लावाल तसंच एक्स्पोजर लावायचं: अॅपर्चर एफ/११, आयएसओ १०० आणि शटर १/१०० सेकंद. तिथून सुरुवात करा, मग हवेप्रमाणे कमी-जास्त.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पौर्णिमा ही चंद्राचा फोटो काढायची सगळ्यात वाईट रात्र. सूर्य समोरून असल्याने विवरांच्या आणि डोंगरांच्या सावल्याच दिसत नाहीत, सगळं सपाट. अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराची सीमारेषा असते, तिथे विवरांच्या कडा कशा उठून येतात! अपोलो यानं उतरवताना नेमका हाच विचार केला होता. उतरायच्या जागी सूर्य क्षितिजालगत असेल अशी वेळ निवडली, म्हणजे सावल्यांमुळे अंतराळवीरांना खाचखळगे ओळखता यावेत.

चकोरी

शटर, पौर्णिमेला सगळ्यात वाईट म्हणू नका हो. टेलिस्कोपमधून नसेल दिसत काही, पण बाहेर उभं राहून स्वतःची सावली जमिनीवर बघण्याची रात्र ती एकच. मी लहान असताना चांदण्यात पुस्तक वाचायचा प्रयत्न करायचे. मोठी अक्षरं लागायची, बारीक नाही.

शटर

ते मात्र शंभर टक्के खरं. आणि त्यातही एक गंमत आहे. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा उजेड देत असेल असं वाटतं ना? देतो सुमारे दहावा हिस्सा. चंद्राची जमीन खडबडीत आणि धुळीची आहे. बाजूने ऊन आलं की प्रत्येक कण, प्रत्येक खडा शेजाऱ्यावर सावली टाकतो. पौर्णिमेला उजेड आपल्या पाठीमागून जातो, त्यामुळे प्रत्येक सावली तिच्याच खड्याआड लपते आणि सगळी जमीन एकदम उजळते. एरवी ती जमीन चांगलीच काळसर आहे, पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के परत पाठवते. वापरून जुन्या झालेल्या डांबरी रस्त्याइतकी. काळ्या आकाशात ती रुपेरी दिसते.

चकोरी

डांबरी रस्ता! माझी समजूत आत्ताच पार बदलली. पण एक विचारते. काही वर्षांपूर्वी सुपरमून म्हणून मुद्दाम चंद्रोदय बघायला गेले होते. क्षितिजावर इतका प्रचंड चंद्र मी आयुष्यात पाहिला नव्हता. तो जवळ आला म्हणूनच एवढा दिसला ना?

ध्रुवतारा

क्षितिजावरचा मोठा चंद्र हा दृष्टिभ्रम आहे आणि तो प्रत्येक पौर्णिमेला दिसतो. खरं तर उगवता चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा आपल्यापासून लांब असतो, जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सहा हजारांहून जास्त किलोमीटर. तेव्हा तो किंचित लहानच असतो. पडताळून बघा. हात पूर्ण लांब करून करंगळीचं नख चंद्रासमोर धरा. चंद्र नखाच्या निम्माच भरेल, उगवताना आणि मध्यरात्रीही तेवढाच.

सुपरमूनचा बोलबाला मला पटत नाही. हा शब्दही खगोलशास्त्रातून आलेला नाही. रिचर्ड नोल नावाच्या ज्योतिषाने तो १९७९ मध्ये काढला. सर्वांत लांबच्या आणि सर्वांत जवळच्या पौर्णिमेत रुंदीचा फरक १४ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय डोळ्याला कळत नाही, आणि आकाशात ते शेजारी कधीच येत नाहीत.

शटर

फोटोत येतात ना! एकाच लेन्सने एप्रिल आणि नोव्हेंबर २०१६ च्या पौर्णिमा टिपून मी शेजारी लावल्या आहेत. समोर ठेवल्या की कुणालाही फरक दिसतो. आणि जवळची पौर्णिमा लांबच्या पौर्णिमेपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त उजळ असते, हेही काही थोडकं नाही.

भरतीरेषा

डोळ्याला कळत नसेल, समुद्राला कळतं.

माझी बरीच वर्षं जहाजावर गेली. आम्ही भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं की आधी दोन गोष्टी बघायचो: पौर्णिमा-अमावास्या कधी, आणि चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ कधी. सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमी असते. तिघं एका रेषेत आले की दोन्हींची बेरीज होते, ते उधाण. पाण्याला हलायला वेळ लागतो, म्हणून बऱ्याच किनाऱ्यांवर सर्वांत मोठी भरती पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. हे विसरून केलेला हिशेब चुकतो.

अंतराचा परिणाम मात्र फार जबर असतो. भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. चंद्र जवळात जवळ सुमारे ३,५६,४०० किलोमीटरवर येतो आणि लांबात लांब ४,०६,७०० वर जातो. या दोन टोकांमध्ये त्याचा भरती आणण्याचा जोर जवळजवळ दीडपट बदलतो.

२३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचं जहाज आडवं होऊन रुतलं, आठवत असेल. गाळ उपसला, टगबोटी लावल्या, जगाचा व्यापार अडून बसला. २८ मार्चला पौर्णिमा होती आणि ३० मार्चला चंद्र त्या फेरीतल्या सर्वांत जवळच्या बिंदूवर यायचा होता. २९ ला पाणी चढलं आणि जहाज मोकळं झालं. श्रम माणसांचे होतेच, पण ते वाढीव पाणी चंद्राने दिलं. तेव्हा सुपरमूनला नुसता बोलबाला म्हणू नका.

ध्रुवतारा

भरतीरेषा, हे मान्य. मी फक्त दिसण्याबद्दल बोलत होतो. शब्द मागे घेतो.

लंबक

+१ भरतीरेषा. हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

रातपाखरू

समुद्राचा विषय निघालाच आहे म्हणून अवांतर. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वसंताच्या अखेरीस, बहुतेक नोव्हेंबरमधल्या पौर्णिमेनंतर काही रात्रींत, असंख्य प्रवाळ एकाच वेळी बीजं सोडतात. ना मेंदू, ना डोळे, तरी महिना मोजतात. पाण्याचं तापमान ऋतू सांगतं आणि चांदणं रात्र सांगतं. याचा विचार आला की मला दर वेळी भरून येतं.

दक्षिणायन

मी दक्षिण गोलार्धात राहतो. इथे आल्यावर पहिल्या पौर्णिमेला मला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय, कारण चंद्रावरचे ओळखीचे डाग उलटे होते. चंद्र तोच, मी उलटा उभा. ससा शोधायला मान तिरकी करावी लागली.

आणखी एक. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून तो सूर्याच्या उलट वागतो. हिवाळ्यात सूर्य खालून जातो तर पूर्ण चंद्र उंचावरून, उन्हाळ्यात बरोबर उलट. आजोबांनी सांगितलेल्या १८.६ वर्षांच्या फेरीमुळे ही उंचीही कमी-जास्त होते. २०२४-२५ च्या सुमारास तिचं टोक आलं होतं. चंद्र विषुववृत्तापासून उत्तरेला आणि दक्षिणेला साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जात होता. २०१५ मध्ये तो साडेअठरापर्यंतच जात असे.

टिपणवही

इतकं भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! एकेक प्रतिसाद दोनदा वाचला. पण माझे आठ तास अजून बाकी आहेत. गणितवेडा, कुठे आहात?

गणितवेडा

आलो. बरं झालं मध्ये इतकी चर्चा झाली, भरतीरेषांनी माझं निम्मं काम केलंय.

चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि पृथ्वी तिच्या मध्यावर नाही, जरा एका बाजूला आहे. जवळच्या बिंदूला उपभू म्हणतात, लांबच्याला अपभू. उपभूपाशी चंद्र वेगाने जातो, सेकंदाला सुमारे १.०८ किलोमीटर. अपभूपाशी मंदावतो, ०.९७ च्या आसपास. त्यात तो जवळ असल्याने तेवढंच धावणं आकाशात जास्त मोठं दिसतं. म्हणून १३.२ अंश ही नुसती सरासरी झाली. प्रत्यक्षात तो कधी दिवसाला १५ अंशांवर जातो, तर कधी १२ च्या आतच राहतो.

आता घड्याळाकडे परत चला. चंद्राने पूर्ण फेरी मारली, २७.३ दिवस झाले. फेरी पूर्ण आहे, म्हणजे त्यात वेगवान आणि मंद दोन्ही टप्पे येऊन गेले, तो वेळ दर वेळी जवळपास सारखाच. फरक पडतो तो उरलेल्या तुकड्यात. सूर्य पुढे सरकल्यामुळे जे २९ अंश जास्तीचे कापायचे, ते कक्षेच्या कुठल्या भागात येतात? ते अपभूपाशी आले तर चंद्र तिथे रेंगाळतो आणि पौर्णिमा लांबते. उपभूपाशी आले तर तो झपकन निघून जातो आणि पौर्णिमा लवकर येते.

एप्रिल २०१६ ची पौर्णिमा अपभूपाशी होती, त्या वर्षातली सर्वांत लहान. म्हणून २९ दिवस १७ तास. १४ नोव्हेंबर २०१६ ची उपभूपाशी होती, सुमारे ३,५६,५०० किलोमीटरवर. जानेवारी १९४८ नंतर पौर्णिमेचा चंद्र इतका जवळ आला नव्हता, आणि आता तो याहून जवळ येईल २५ नोव्हेंबर २०३४ ला. म्हणून २९ दिवस साडेनऊ तास. पृथ्वीचाही यात थोडा हात आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तिचा वेग वाढतो, सूर्य आकाशात जरा जास्त सरकतो आणि चंद्राला जास्त पल्ला गाठावा लागतो. सगळं धरून पौर्णिमांमधलं अंतर २९ दिवस ७ तासांपासून २९ दिवस २० तासांपर्यंत कुठेही असू शकतं.

आजोबा६८

उत्तम. एक पुरवणी जोडतो. उपभूही जागेवर बसून नसतो, तो चंद्राच्याच दिशेने पुढे सरकत ८.८५ वर्षांत एक फेरी करतो. म्हणजे पुन्हा तेच दोन काटे! एका वर्षात सूर्य पूर्ण फेरी मारून येतो, तोवर उपभू ४१ अंश पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला सूर्याला आणखी दीडेक महिना लागतो. मोठ्या पौर्णिमेचा हंगाम म्हणून दर वर्षी त्याच महिन्यात येत नाही, सुमारे ४१२ दिवसांनी फिरून येतो.

टिपणवही

थांबा थांबा. हे वाचल्याबरोबर वही उघडली.

२२ एप्रिल २०१६ ला मी लिहिलंय, "आज चंद्र लहान वाटला, उगाच वाटलं असेल." तेव्हा मला अपभू वगैरे काही माहीत नव्हतं! आणि १४ नोव्हेंबरच्या पानावर फक्त "काय हा उजेड" एवढंच.

दोन तारखांमधले दिवस बोटांवर मोजले. २०६ भरले. दुप्पट केले तर ४१२.

दोनदा मोजले. हात थरथरत होता, खरं सांगते. सबंध फेरीचं अर्धं वर्तुळ माझ्या वहीत दहा वर्षं माळ्यावर पडून होतं.

गणितवेडा

टिपणवही, अंगावर काटा आला वाचून. मग आता पुढची साखळी तुमच्या वहीसाठीच देतो. नोव्हेंबर २०१६ नंतर त्या-त्या वेळची सर्वांत जवळची पौर्णिमा: २ जानेवारी २०१८, १९ फेब्रुवारी २०१९, ८ एप्रिल २०२०, २६ मे २०२१. दर खेपेला चौदा चांद्र महिने, म्हणजे ४१३-४१४ दिवस. खरी फेरी याहून दीड दिवसाने लहान आहे, तेवढी चूक साठत जाते आणि अधूनमधून चौदाऐवजी तेराव्या महिन्यातच मोठी पौर्णिमा येते. २०२५ मध्ये तसंच झालं, ५ नोव्हेंबरला.

लंबक

म्हणजे पुढची चौदा महिन्यांनी, २४ डिसेंबर २०२६?

गणितवेडा

बरोबर!

टिपणवही

लिहून ठेवली. नवी वही आणली आहे.

साधा_प्रश्न

उशिरा आलो, पण प्रयोग झाला. चेंडू वर धरल्यावर सावली निघून गेली तेव्हा मुलगी ओरडलीच. मग चेंडू हातात घेऊन बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बाबा, चेंडूवरच्या माणसाला माझं डोकं कधी पूर्ण उजळलेलं दिसेल?" मला चटकन सांगता आलं नाही.

आजोबा६८

तिला शाबासकी द्या. उत्तर असं: चेंडू दिवा आणि तिच्या चेहऱ्याच्या मधे असेल तेव्हा. म्हणजे आपल्याकडे अमावास्या असते तेव्हा चंद्रावरून पृथ्वीची पौर्णिमा दिसते. आणि चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असल्यामुळे तिथून पृथ्वी उगवत नाही की मावळत नाही, एकाच जागी थोडी डुलत राहते.

तिला ती पौर्णिमा दाखवताही येईल. अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बारीक कोर शोधा. कोरीच्या कुशीत चंद्राचा बाकीचा गोल अंधुक राखाडी दिसेल. तो उजेड आपल्या पृथ्वीचा आहे, तिकडे जाऊन परत आलेला.